दुसरा जोड



मी निवृत्त लष्करी अधिकारी. नोकरीतला बराच काळ आर्मी ऑर्डनन्स कोअरमध्ये गेला. म्हणजे फौजेला लागणाऱ्या वस्तू साठवायच्या, मोजायच्या आणि वेळेवर पोचवायच्या. बंदूक हातात कमी आणि खतावणी जास्त, असं माझे पायदळातले मित्र मला चिडवतात. त्यात थोडं तथ्य आहे.

माझं गाव कुंभकोणम. तमिळनाडूत, तंजावूर जिल्ह्यात, कावेरीच्या काठी. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आम्हां देशस्थ मराठी लोकांना तिकडे 'रायर' म्हणतात. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली आमच्याच गावात झाला. माझ्या मराठीत कुठे तमिळ वळण ऐकू आलं तर सांभाळून घ्या.

आज मला शाळकरी मुलांच्या कपड्यांबद्दल बोलायचं आहे. निवृत्तीनंतर १५ ऑगस्टला आणि २६ जानेवारीला मला शाळांची बोलावणी येतात. झेंडावंदन होतं आणि मग मुख्याध्यापक सांगतात, "आमच्या शाळेत गणवेश सक्तीचा आहे. फौजेसारखी शिस्त लागते." सगळे माझ्याकडे बघतात. मी मान हलवतो, कारण समारंभात वाद घालायचा नसतो. पण आज समारंभ नाही, म्हणून मनातलं सांगतो. फौजेत गणवेशाची सुरुवात शिस्तीपासून होत नाही, पुरवठ्यापासून होते. आधी भांडार, मग परेड. शाळांनी आपल्याकडून परेड उचलली. भांडार उचलायला त्यांना चाळीस वर्षं लागली. ती चाळीस वर्षं मुलांच्या अंगावर कशी दिसली, ते मी माझ्या गावापुरतं सांगणार आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीचं कुंभकोणम डोळ्यांसमोर आणा. शिक्षणाचं मोठं वेड असलेलं गाव. इथलं सरकारी कॉलेज १८५४ सालचं, त्याला लोक कौतुकाने दक्षिणेचं केंब्रिज म्हणत. टाउन हायस्कूलमध्ये गणिती श्रीनिवास रामानुजन शिकले. रामानुजन यांची शेंडी १९१४ साली विलायतेला जाताना कापली गेली, ही गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. कारण तोवर शाळेत जाणारा मुलगा म्हणजे शेंडी, वेष्टी आणि अंगात काहीतरी, असंच चित्र होतं. वेष्टी म्हणजे आपलं छोटं धोतर किंवा पंचा. मोठ्या इंग्रजी शाळेत वर कोट चढे, डोक्यावर टोपी किंवा पागोटं येई. खाली मात्र पाय अनवाणी.

१९३० च्या आसपास धाकटी मुलं अर्ध्या चड्डीत दिसू लागली. तिकडे तिला 'निजार' म्हणत. आपली 'विजार' आणि त्यांची 'निजार' हा एकच शब्द, दोन्हीचं मूळ 'इजार'. मुलींना पावाडै, म्हणजे घोट्यापर्यंतचा परकर, आणि वर चोळीवजा पोलकं. वयात आली की त्यावर दावणी, म्हणजे अर्धी साडी. गणवेश नावाची वस्तू सर्वसाधारण शाळेत नव्हती. अंग झाकलेलं असावं आणि कपडा धुतलेला असावा, एवढीच अपेक्षा. त्यामुळे मुलगा दारातून आत आला की तो कुठल्या आळीतला, कुठल्या जातीचा, बाप काय करतो, हे मास्तरांना नाव न विचारता कळायचं.

मग १९३९ साली युद्ध आलं. सुरुवातीला ते फक्त वर्तमानपत्रात होतं. डिसेंबर १९४१ मध्ये जपान उतरला आणि ते स्वयंपाकघरात आलं. ब्रह्मदेश पडला, तिकडचा तांदूळ बंद झाला. एप्रिल १९४२ मध्ये जपानी विमानांनी काकिनाडा आणि विशाखापट्टणमवर बाँब टाकले आणि मद्रास शहरातून लोक भराभर बाहेर पडले. ज्याचं जिथे मूळ गाव, तिथे तो गेला. आमच्या घरात तीन खोल्यांत एकदम अकरा माणसं वाढली, त्यात पाच शाळेच्या वयाची. ती एकेका पेटीसह आली होती.

आणि नेमक्या त्याच वेळी कापड नाहीसं झालं.

कापड कुठे गेलं, याचं उत्तर मला फौजेत गेल्यावर नीट कळलं. युद्ध संपेपर्यंत भारतीय सैन्य २५ लाखांच्या घरात गेलं होतं. त्यातल्या प्रत्येकाला शर्ट, पँट, पट्ट्या, तंबू, पांघरूण, बँडेज. हे सगळं सुतातून येतं. गिरणगावातल्या आणि अहमदाबादच्या गिरण्या आधी फौजेची मागणी भागवत होत्या. जपानी कापड येणं बंद झालं होतं. उलट मध्यपूर्वेला आणि आफ्रिकेला आपल्याकडून कापड जात होतं. उरलेल्यावर साठेबाज बसले होते. जून १९४३ मध्ये सरकारने कापड आणि सूत नियंत्रण आदेश काढला. टेक्स्टाइल कमिशनरची कचेरी मुंबईत बसली. कापडावर किमतीचा शिक्का मारायचा नियम झाला. गरिबांसाठी जाडंभरडं 'स्टँडर्ड क्लॉथ' काढलं. शिधापत्रिकेवर कापड मिळू लागलं, आणि 'कंट्रोल' हा शब्द मराठीत, तमिळमध्ये, सगळ्याच भाषांत कायमचा राहायला आला.

यातला विरोधाभास पाहा. कुंभकोणम हे विणकरांचं गाव. इथले सौराष्ट्री विणकर पिढ्यान्‌पिढ्या रेशीम विणत आले आहेत. त्यांची बोली ऐकली तर मराठी माणसाचे कान टवकारतात, इतकी ती ओळखीची वाटते. पण हातमागालासुद्धा सूत लागतं आणि सूत गिरणीतून येतं, त्यामुळे सुतावरही कंट्रोल आला. रेशमाची वेगळीच गत. म्हैसूर भागातलं रेशीम पॅराशूटसाठी जाऊ लागलं. म्हणजे माग घरात उभे, विणणारे हात रिकामे आणि मुलांच्या अंगावर ठिगळं.

माझे अप्पा, म्हणजे वडील, त्या काळात शाळेत होते. त्यांचा जन्म १९३१ चा. त्यांच्याकडून आणि माझ्या आत्याकडून मी जे ऐकलं ते सांगतो, कारण हे कुठल्या सरकारी फायलीत सापडणार नाही.

पहिला बदल मुलांच्या पोशाखात झाला. वेष्टी मागे पडली आणि चड्डी पुढे आली. लोक म्हणतात की हे इंग्रजी वळण. आमच्या घरी कारण साधं होतं. आजोबांची जुनी वेष्टी मधून विरली की दोन्ही काठांकडचा भाग शाबूत राहायचा. त्यातून एक नवी वेष्टी होत नसे, पण दोन मुलांच्या चड्ड्या व्हायच्या. आजीने पडद्यांच्या चड्ड्या केल्या, उशीच्या अभ्र्यांचे शर्ट केले. शिंपी ओट्यावर बसून शिवायचा आणि उरलेल्या चिंध्यासुद्धा आजी मोजून परत घ्यायची, कारण त्यातून ठिगळं निघत.

दुसरा बदल शिलाईत झाला. कपडा वाढत्या अंगाचा शिवायचा, हे आपल्याकडे पूर्वीपासूनच. युद्धात ते शास्त्र झालं. चड्डीच्या आत चार बोटं शिवण दडवलेली. पावाडैच्या घेराला तीन आडव्या दुमडी मारलेल्या. मुलगी वाढली की दर वर्षी एक दुमड उसवायची. पण उसवलेल्या जागी कापड उन्हाला लागलेलं नसायचं, म्हणून तिथे गडद पट्टा दिसायचा. आत्या सांगायची, "वर्गात मुली एकमेकींच्या पावाडैवरचे पट्टे मोजायच्या. दोन पट्टे म्हणजे तिसरं वर्ष." झाडाच्या खोडावरून वय काढतात ना, तसं.

तिसरा बदल धुण्यात. साबण महाग, रॉकेल मोजून. पांढऱ्या कपड्याला भाताची पेज लावून खळ करायची आमच्याकडे पद्धत. तांदूळ रेशनवर आल्यावर आजीने ती बंद केली. म्हणाली, पेज पोरांच्या पोटात जाऊ दे, शर्टाच्या नको. त्यामुळे त्या सालांतल्या शाळेच्या फोटोत सगळ्यांचे शर्ट मलूल दिसतात. मला लहानपणी वाटायचं फोटो खराब आहे.

आता आत्याचं सांगतो, कारण माझा आजचा मुद्दा तिच्यापाशी आहे.

१९४४ च्या अखेरीला आत्या बारा वर्षांची होत आली. दावणीचं वय. तिच्याकडे शाळेसाठी एक पावाडै होती आणि एक घरात नेसायची, तीही विरलेली. दावणी घ्यायची म्हणजे हिशेब असा: पावाडैला तीन वार, पोलक्याला एक, दावणीला अडीच. एका जोडाला साडेसहा वार. एकच जोड घेऊन भागत नाही. त्या वयाच्या मुलीला रोज धुतलेलं हवं, महिन्यातले काही दिवस तर हवंच हवं. म्हणजे दोन जोड, तेरा वार. तेरा वारांत तिच्या तीन भावांचे चड्डी-शर्ट निघत होते. घरात कोणी वाईट नव्हतं. आजोबांना मुलींनी शिकावं असं मनापासून वाटे. पण पोंगलनंतर शाळा सुरू झाली तेव्हा आत्या गेली नाही. कुणी नको म्हटलं नाही, चर्चाही झाली नाही, कपडा नव्हता इतकंच. पुढे तिने घरी बसून दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेच्या परीक्षा दिल्या आणि शेजारच्या मुलांना हिंदी शिकवलं. हुशार बाई. पण शाळेची पायरी ती पुन्हा चढली नाही.

तेरा वार म्हणजे किती, ते तुलनेने बघा. स्वातंत्र्यानंतर पहिली पंचवार्षिक योजना आली. तिने १९५५-५६ पर्यंत देशात माणशी १५ वार कापड मिळावं असं उद्दिष्ट ठेवलं. वर्षाला १५ वार, हे गाठायचं स्वप्न होतं. त्यातले तेरा एका शाळकरी मुलीच्या दोन जोडांत जातात. मग अंथरूण, पांघरूण, सणाचा कपडा कुठून आणायचा? मुलींची गळती का होते यावर पुढे पुष्कळ अहवाल निघाले असतील. त्यातलं एक कारण वारांत मोजता येत होतं.

इंग्लंडमध्येही कपड्यांचं रेशनिंग होतं, १ जून १९४१ ते मार्च १९४९. पहिल्या वर्षी माणशी ६६ कूपनं. पण त्यांनी एक गोष्ट लवकर ओळखली, की मूल वाढतं. वाढत्या मुलांसाठी त्यांनी जादा कूपनं दिली. आपल्याकडे हिशेब घराचा होता. घरातल्या वाट्यात कोण मागे राहणार, हे घराने ठरवायचं. आणि ते कोण ठरायचं, ते मी सांगितलंच.

युद्ध १९४५ मध्ये संपलं, कंट्रोल संपला नाही. जानेवारी १९४८ मध्ये कापडावरचं नियंत्रण उठवलं, भाव असे भडकले की त्याच वर्षी ते परत आणावं लागलं. त्या गोंधळाच्या सालांत शाळांत खाकी आली.

खाकीबद्दल थोडं. फौजेत ती १८४० च्या दशकात वायव्य सरहद्दीवरच्या गाइड्स पलटणीपासून आली. धुळीचा रंग, मळ दिसत नाही, वैऱ्यालाही दिसत नाही. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या जंगलात खाकी उठून दिसू लागली, तेव्हा सैनिकांना हिरवे कपडे दिले आणि पुढे भारतीय सेनेचा रंग ऑलिव्ह ग्रीन झाला. खाकी सेनेतून उतरली आणि पोलिसांकडे, एन.सी.सी.कडे आणि शाळकरी मुलांकडे गेली. गिरण्यांना खाकी ड्रिल विणायची सवय होती. युद्धातला उरलेला लष्करी माल लिलावात निघत होता. ड्रिल जाड, टिकाऊ, मळखाऊ. ठिगळ लावलं तरी रंग जुळायचा. वर पांढरा शर्ट, कारण न रंगवलेलं किंवा नुसतं धुवट कापड सगळ्यांत स्वस्त. पांढरा शर्ट आणि खाकी हाफपँट. कुंभकोणमपासून कोल्हापूरपर्यंत तुमच्यापैकी पन्नाशीपुढच्या किती जणांनी ती घातली आहे, हे मी विचारत नाही. डोक्यावर गांधी टोपी की कपाळावर विभूती, एवढाच फरक. हा पोशाख कुणी शिस्तीचा विचार करून निवडला असं मला वाटत नाही. जे मिळत होतं ते घातलं, आणि नंतर त्याला शिस्त हे नाव दिलं.

पण गणवेशामागे एक खरा, मोठा विचारही होता, तोही सांगितला पाहिजे. मद्रास राज्यात कामराज १९५४ मध्ये मुख्यमंत्री झाले. स्वतः शाळा अर्धवट सोडावी लागलेला माणूस. १९५६ मध्ये त्यांनी दुपारच्या जेवणाची योजना आणली. शिक्षण संचालक ने. दु. सुंदरवडिवेलू यांनी गावोगावी शाळा सुधार परिषदा भरवल्या. गावकऱ्यांनी आपापल्या शाळेला बाकं दिली, फळे दिले, भांडी दिली आणि गरीब मुलांना गणवेश दिले. विचार असा की एका रांगेत बसून जेवणारी मुलं एकसारखी दिसावीत. मघाशी म्हटलं ना, कपड्यावरून आळी ओळखू यायची? ती ओळख पुसायची होती. हे काम खाकी-पांढऱ्याने केलं. माझ्या वर्गात अग्रहारातला मुलगा, विणकराचा मुलगा आणि शेतमजुराचा मुलगा रांगेत उभे राहिले की लांबून सारखे दिसायचे.

लांबून. जवळ आलं की फरक कळायचा.

मी शाळेत गेलो तो काळ १९६५ ते १९७५. तीही युद्धांचीच सालं. १९६२ चा चीनचा घाव ताजा होता. घरोघर बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले होते. कुंभकोणमच्या उकाड्यात बसून लडाखसाठी लोकर विणणाऱ्या बायका, हे चित्र मला फार मोठं वाटतं. १९६५ झालं, १९७१ झालं. फौजेच्या कपड्यांसाठी मद्रासजवळ आवडीला १९६१ मध्येच ऑर्डनन्स क्लोदिंग फॅक्टरी उभी राहिली होती. आणि त्याच दशकात बाजारात एक नवी चीज आली, टेरिलीन, मग टेरीकॉट.

आज टेरीकॉटला आपण नाक मुरडतो. पण शाळकरी मुलाच्या दृष्टीने त्याने क्रांती केली. सुती शर्ट कावेरीच्या गढूळ पाण्यात धुतला की दोन वर्षांत पिवळा पडायचा, पावसाळ्यात दोन दिवस वाळायचा नाही. टेरीकॉटचा शर्ट रात्री धुऊन टांगला की सकाळी कोरडा, इस्त्रीही नको. म्हणजे एकच शर्ट दोन शर्टांचं काम करायचा. फक्त सुरुवातीला तो फार महाग होता. ज्याच्याकडे दोन शर्ट घ्यायची ऐपत होती, त्यालाच तो एक शर्ट परवडायचा. म्हणून रंग सगळ्यांचा पांढरा, पण एकाचा दुधासारखा, दुसऱ्याचा ताकासारखा.

माझ्या वर्गात एक विणकराचा मुलगा होता. नाव सांगत नाही, शाळेचंही नाही. त्याच्याकडे गणवेशाचा एकच जोड, सुती. सोमवारी तो स्वच्छ असायचा, गुरुवारपर्यंत काय व्हायचं ते तुम्ही समजून घ्या. आठवीत आम्ही दोघे एन.सी.सी.च्या ज्युनियर डिव्हिजनमध्ये गेलो. तिथे कपडे मिळाले. शर्ट, पँट, पट्टा, बेरे, बूट. सही केली आणि घेतले. आयुष्यात पहिल्यांदा बूट घालणारी मुलं आमच्यात अर्ध्याहून जास्त होती. एका पावसाळी बुधवारी त्याचा शाळेचा शर्ट वाळला नाही, म्हणून तो एन.सी.सी.च्या खाकीत वर्गात आला. प्रार्थनेच्या रांगेतून त्याला बाजूला काढलं. दिवसभर तो वऱ्हांड्यात उभा होता. नियम बरोबर होता, ते कपडे परेडसाठीच होते. संध्याकाळी आमच्या हवालदार उस्तादांना हे कळलं. ते मोडक्या तमिळमध्ये एवढंच म्हणाले, "घालायचा हुकूम आहे, तर इश्यू कुठे आहे?"

तो मुलगा पुढच्या वर्षी मागावर बसला. केवळ कपड्यापायी त्याची शाळा सुटली, असं मी म्हणणार नाही. घरची ओढाताण होती, भाऊ लहान होते. पण ज्या वऱ्हांड्यात आपल्याला दिवसभर उभं केलं, तिथे परत जायला पाय किती उचलतो, याचा विचार करा.

पुढे पदवी घेऊन मी सेंट थॉमस माउंटच्या ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये दाखल झालो आणि ऑर्डनन्समध्ये गेलो. तिथे मला त्या उस्तादांचं वाक्य नियम म्हणून भेटलं. जवानाला जे घालायला सांगतो, ते त्याला दिलं जातं. अधिकाऱ्याला त्यासाठी भत्ता मिळतो. एक अंगावर, एक धुण्यात, हे गृहीत धरूनच संख्या ठरते. कपड्याचं आयुष्य ठरलेलं असतं, तो झिजला की बदलून मिळतो. मापांची यादी असते. सुई-दोऱ्याची पिशवीसुद्धा सोबत असते. हे सगळं आधी, मगच हवालदार मेजरला बटण तुटलं म्हणून ओरडायचा अधिकार. शाळेने ओरडायचा अधिकार घेतला आणि बिल बापाला पाठवलं. ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी असा गणवेश म्हणजे प्रवेश फीच, फक्त शिवलेली.

तमिळनाडूत १९८५ मध्ये हे बदललं. एम.जी.आर. मुख्यमंत्री असताना, दुपारच्या जेवणाच्या योजनेतल्या मुलांना गणवेश मोफत द्यायला सुरुवात झाली. यातली हुशारी पाहा. कापड विणकरांच्या सहकारी संस्थांकडून घ्यायचं, शिलाई महिलांच्या सहकारी संस्थांकडून करून घ्यायची. म्हणजे विणकराच्या मागाला काम आणि त्याच विणकराच्या मुलाला शर्ट. १९४४ मध्ये कुंभकोणमात जे तुटलं होतं, माग एकीकडे आणि उघडं अंग दुसरीकडे, ते चाळीस वर्षांनी जोडलं गेलं. पुढे २०१२-१३ पासून वर्षाला चार जोड देऊ लागले. हाफपँटच्या जागी मोठ्या मुलांना फुलपँट आली, मोठ्या मुलींना दावणीऐवजी सलवार-कमीज. सायकल चालवणाऱ्या मुलीला ते किती सोयीचं, हे कुठल्याही मुलीला विचारा.

महाराष्ट्रात समग्र शिक्षा योजनेतून सरकारी शाळांतल्या मुलांना दोन जोड मिळतात. त्यासाठी विद्यार्थ्यामागे ६०० रुपये धरलेले असतात. २०२४-२५ मध्ये राज्याने कापड आणि शिलाई वरून करून द्यायचं ठरवलं, पुष्कळ शाळांत गणवेश उशिरा पोचले, मापं चुकली, आणि मग ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. यात मला आश्चर्य वाटलं नाही. फौजेतला जवान वर्षभर त्याच मापाचा राहतो. तिसरीतला मुलगा जूनमध्ये एक असतो आणि दिवाळीत दुसराच. त्याचं माप मंत्रालयात नसतं, त्याच्या वर्गात असतं.

म्हणून, मंडळी, जुन्या भांडारवाल्याच्या तीन सूचना. तुमच्यापैकी कुणी शिक्षक असेल, कुणी शाळा समितीवर असेल, कुणी देणगी देत असेल, तर त्यांच्यासाठी.

एक. दोन्ही जोड एकाच दिवशी, एकाच मापाचे देऊ नका. दोन्ही एकदमच आखूड होतात. एक जूनमध्ये द्या, दुसरा दिवाळीच्या सुटीनंतर, नव्या मापाने. मधल्या पावसाळ्यासाठी शाळेत पाच-दहा जोड राखीव ठेवा. ज्याचा कपडा वाळला नाही, त्याने गाजावाजा न करता घ्यावा आणि धुऊन परत करावा. पलटणीच्या भांडारात हे रोज चालतं.

दोन. शिंप्याला सांगा की आत शिवण सोडायची. युद्धकाळातल्या आजीला जे कळत होतं ते आजच्या ठेकेदाराला कळत नाही. चार बोटं कापड वाचवून तो मुलाचं अर्धं वर्ष कापतो.

तीन. दहा-अकरा वर्षांच्या पुढच्या मुलींचा हिशेब वेगळा करा. त्यांना जास्त जोड लागतात. हे सांगायला त्या येणार नाहीत आणि घरचेही बोलणार नाहीत. आमच्या घरात कुणी बोललं नव्हतं.

आणि एखादं मूल गणवेशाशिवाय आलं, तर रांगेतून बाजूला काढण्याआधी हलक्या आवाजात एक प्रश्न विचारा, "बाळ, दुसरा जोड आहे का?" उत्तर 'नाही' असेल, तर चूक मुलाची नाही, भांडाराची आहे. आणि भांडार आपलं आहे.

इतकंच सांगायचं होतं.  जय हिंद.